माणसे वाढली, तरी काम का रखडते?

झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत माणसांपेक्षा त्यांच्यातील संपर्काच्या जोड्या कितीतरी वेगाने वाढतात. पाच जणांत अशा १० जोड्या असतात, दहा जणांत ४५ आणि पन्नास जणांत तब्बल १,२२५.

या गणिताचा फटका आयबीएमला १९६०च्या दशकात बसला. ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालेची कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाची सर्व कामे हाताळणारी मूळ आज्ञावली, तयार होण्यास विलंब होत गेला. त्या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात असा निष्कर्ष मांडला की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर ऐनवेळी माणसे वाढवल्यास तो आणखी रखडतो. एखादी फाइल विशिष्ट पद्धतीनेच का रचली आहे, हे नवख्याला समजावण्यासाठी ती रचणाऱ्यालाच हातातले काम बाजूला ठेवावे लागते आणि अशा रीतीने सर्वांत जाणकार माणसाचाच वेळ आधी खर्ची पडतो. ताळेबंदात हा खर्च कोठेही दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

यावर गोर-टेक्स कापड बनवणाऱ्या अमेरिकेतील डब्ल्यू. एल. गोर कंपनीने काढलेला तोडगा विशेष दखल घेण्याजोगा आहे. एका कारखान्यातील मनुष्यबळ दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊ लागले की दुसरा कारखाना उभारायचा, हे धोरण तिने अवलंबले. त्यात इमारती व यंत्रे यांचा खर्च वाढतो खरा, परंतु कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे जायचे, हे प्रत्येकाला ठाऊक राहते.