स्विचचे स्टॅकिंग : साखळी, वलय आणि पाच गैरसमज

अनेक नेटवर्क स्विच एकमेकांना जोडून त्यांचा कारभार एकाच स्विचसारखा चालवणे म्हणजे स्टॅकिंग. स्टॅकचे कॉन्फिगरेशन एक, व्यवस्थापनाचा आयपी पत्ता एक आणि निर्णय घेणारा मुख्य स्विचही एकच असतो. जोडणीच्या दोन रचना रूढ आहेत. साखळीत पहिला स्विच दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडला जातो आणि दोन्ही टोके मोकळी राहतात. वलयात शेवटचा स्विच पुन्हा पहिल्याला जोडतात. मुंबईत अंधेरीची एमआयडीसी आणि सीप्झ, तसेच मुलुंड-घाटकोपरच्या औद्योगिक वसाहती येथे एकाच कंपनीची जागा अनेकदा दोन-तीन मजल्यांवर किंवा शेजारच्या गाळ्यांत विखुरलेली असते. अशा ठिकाणी रचना चुकली, तर एका केबलचा बिघाड सगळे कामकाज थांबवू शकतो.

गैरसमज १ : साखळी आणि वलय यांत फक्त एका केबलचा फरक आहे.

वस्तुस्थिती : केबल एकच वाढते, पण बिघाडाचा परिणाम पार बदलतो. साखळीतला मधला स्विच बंद पडला की स्टॅकचे दोन तुकडे होतात. मुख्य स्विच नसलेला तुकडा स्वतःचा नवा मुख्य निवडतो, आणि दोन्ही तुकडे एकच आयपी पत्ता वापरू लागल्याने गोंधळ उडतो. वलयात एखादी केबल तुटली किंवा एक स्विच बंद पडला, तरी उरलेले स्विच दुसऱ्या बाजूने जोडलेले राहतात. घटते ती क्षमता. सिस्कोने २००३ साली कॅटलिस्ट ३७५० मालिकेत आणलेल्या स्टॅकवाइजमध्ये पूर्ण वलयाची क्षमता ३२ गिगाबिट प्रतिसेकंद होती; वलय तुटल्यावर ती १६ वर येई. त्यामुळे स्विच दोनच असले तरी दोन्ही स्टॅक केबल जोडाव्यात.

गैरसमज २ : वलय म्हणजे लूप, आणि लूप नेटवर्क बंद पाडतो.

वस्तुस्थिती : ही भीती नेहमीच्या इथरनेट पोर्टांबाबत खरी आहे. तेथे लूप झाला तर ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहतात, म्हणून स्पॅनिंग ट्री एक दुवा अडवून ठेवते. स्टॅक पोर्टांवर मात्र स्टॅकचा स्वतःचा प्रोटोकॉल चालतो. तो फ्रेमना वलयात फिरत राहू देत नाही. एकही दुवा रिकामा ठेवावा लागत नाही.

गैरसमज ३ : कितीही मजल्यांवरचे स्विच एका स्टॅकमध्ये घ्यावेत.

वस्तुस्थिती : खास स्टॅक केबल साधारणपणे अर्धा ते तीन मीटर लांबीच्या मिळतात, त्या एका रॅकसाठी किंवा शेजारच्या रॅकसाठीच असतात. एचपीईचे आयआरएफ, अरुबाचे व्हीएसएफ आणि जुनिपरचे व्हर्च्युअल चॅसिस ही तंत्रे नेहमीच्या वेगवान पोर्टांतून फायबरवरही स्टॅक जोडू देतात. ओएम३ फायबरवर १० गिगाबिट एसआर जोडणी ३०० मीटरपर्यंत चालते. अंतराचा प्रश्न त्याने सुटतो, मार्गाचा सुटत नाही. वर जाणारी आणि वरून परतणारी केबल एकाच डक्टमधून नेली, तर एका ड्रिलने दोन्ही तुटतात आणि स्टॅक फुटतो. दुसरा स्वतंत्र डक्ट नसेल, तर वलयाचा फायदा कागदावरच राहतो.

गैरसमज ४ : वलय असले की नेटवर्क बंद पडणारच नाही.

वस्तुस्थिती : वलय जोडणीतला एक बिघाड सोसते, दोन नाही. सगळा स्टॅक एकाच सॉफ्टवेअरवर चालत असल्याने त्यातला दोष सर्व स्विचना भोवतो, आणि अपग्रेडच्या वेळी बहुधा सगळा स्टॅक एकदम रीस्टार्ट होतो. बाहेर जाणारा अपलिंक एकाच स्विचवर असेल, तर तो स्विच गेला की वलय शाबूत राहूनही संपर्क तुटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीकाठचे भाग पाण्याखाली गेले. तळमजल्यावरच्या रॅकमध्ये पाणी शिरले तर कोणतीही रचना त्या रॅकला वाचवत नाही. म्हणून मुख्य रॅक वरच्या मजल्यावर ठेवावा, अपलिंक दोन वेगवेगळ्या स्विचवर विभागावेत आणि वीजपुरवठाही दोन स्वतंत्र यूपीएसवरून घ्यावा.

गैरसमज ५ : सगळ्यात वरचा किंवा आधी बसवलेला स्विच आपोआप मुख्य होतो.

वस्तुस्थिती : रॅकमधल्या जागेचा निवडीशी संबंध नाही. सिस्कोच्या स्टॅकमध्ये प्राधान्यक्रम १ ते १५ असतो आणि मुळात सर्वांचा १ असतो. एकत्र सुरू झालेल्या स्विचमध्ये ज्याचा आकडा मोठा तो मुख्य होतो. आकडे सारखे असतील तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच निवडला जातो. हा स्विच सर्वांत जुना आणि मंदही असू शकतो. म्हणून मुख्य आणि राखीव स्विचचे प्राधान्य स्वतः ठरवून द्यावे.

यावरून निवडीचा नियम असा निघतो : एका रॅकमध्ये किंवा लगतच्या रॅकमध्ये पूर्ण वलय; मजले किंवा गाळे वेगळे असतील, तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र छोटा स्टॅक आणि त्याच्या दोन वेगळ्या स्विचमधून मध्यवर्ती स्विचकडे जाणारे दोन फायबर. साखळी वापरायची ती वलय पूर्ण होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणूनच.