सातपुड्यातील रायवळ आंबा व आमचूर : स्वरूप आणि उपयोग

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा येथे चिकित्सा करीत असताना ‘कैरी दोषप्रकोपक, मग तिचेच आमचूर पथ्यात कसे चालते?’ असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर संस्कारात आहे. परंतु प्रथम फळाची ओळख करून घेऊ.

अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा तालुक्यांत डोंगरउतारांवर आणि शेतांच्या बांधांवर रायवळ आंब्याची जुनी झाडे आहेत. हापूस किंवा केशर यांप्रमाणे रायवळ ही एकच जात नव्हे. कलमी झाडात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. कोयीपासून वाढलेल्या झाडात परागसंकरामुळे ते पालटतात. म्हणूनच एकाच बांधावरील दोन झाडांच्या फळांत आकार, धागे व आम्लता यांचा भेद आढळतो. यांतील आंबट फळे भिल्ल व पावरा कुटुंबे पिकण्यापूर्वी उतरवितात, सोलून फोडी करतात, उन्हात वाळवितात आणि धडगाव, मोलगी येथील बाजारांत विकतात.

भावप्रकाशकारांनी कोवळ्या, तरुण व पक्व आम्रफळाचे गुण पृथक् सांगितले आहेत. तरुण फळ अत्यम्ल, रूक्ष व त्रिदोषकर होय. तेच त्वचारहित करून उन्हात पूर्ण वाळविले असता अम्ल, मधुर, कषाय, भेदन व कफवातघ्न होते. येथे साल काढणे आणि आतपशोषण हे दोन्ही संस्कार आवश्यक आहेत. सालीसकट वाळविलेला काळपट माल या वर्णनात बसत नाही. लोखंडी सुरीने कापल्यासही फोडी काळवंडतात, हे खरेदी करताना ध्यानी ठेवावे. अम्लपित्त व रक्तपित्ताच्या रुग्णांस मात्र आमचूर वर्ज्यच ठेवावे.

चरकाचार्यांनी आम्रास हृद्य गणात, तर आम्रास्थीस पुरीषसंग्रहणीय गणात स्थान दिले आहे. म्हणजे एकाच फळाचा शुष्क गर भेदन, तर अस्थी ग्राही! पुष्यानुग चूर्णातही आम्रबीजमज्जा योजिली जाते. औषधिनिर्मात्यांनी त्यासाठी आमचुरातून उरलेल्या अपक्व कोयी स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. पक्व फळाचीच मज्जा घ्यावी.

शेवटी एक विनंती. रायवळाचे उत्तम झाड तोडले, तर त्याच्या कोयीपासून तसेच झाड पुन्हा मिळण्याची खात्री नाही. वैद्यबंधूंनी आपापल्या परिसरातील गुणी वृक्ष हेरून, मालकाच्या संमतीने, ते उभे असतानाच त्यांची कलमे बांधून घ्यावीत. द्रव्य टिकले, तरच त्याचे गुणवर्णन उपयोगी पडेल.