लॅपटॉप घेताना दुकानदाराचे नव्हे, कामाचे ऐका
(शिकणाऱ्या मुला-मुलींच्या आई-वडिलांसाठी)

आपल्या समाजातील मुले-मुली आज मोठ्या संख्येने बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगकडे वळली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच घरात एक प्रश्न उभा राहतो. मुलगी म्हणते, "बाबा, मला लॅपटॉप लागेल, आणि त्याच्यावर लिनक्स चालायला पाहिजे." वडील सफाई खात्यात, आई चार घरची कामे करणारी. लिनक्स म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नसते. मग दुकानदार जे पुढे करील ते हप्त्याने घेतले जाते. फंडाचे नाहीतर बचत गटाचे पैसे त्यात जातात आणि पुढची दोन वर्षे घरखर्चाची ओढाताण होते. म्हणूनच हा विषय कुटुंबातील सर्वांनी समजून घेतला पाहिजे.

लिनक्स म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर त्याचा सगळा कारभार ज्या मूळ प्रोग्रॅमच्या हातात असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची, पैसे मोजून घ्यायची सिस्टीम आहे. लिनक्स सर्वांसाठी खुली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये एक संगणक हप्त्याने घेतला. त्याची मेमरी होती अवघी ४ एमबी! त्याच मशीनवर त्याने या सिस्टीमचा गाभा लिहिला आणि सप्टेंबर १९९१ मध्ये तो जगासाठी खुला केला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी खुल्या सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती. त्या चळवळीचा परवाना लिनक्सने १९९२ मध्ये स्वीकारला. हा परवाना सांगतो, की कोणीही हे सॉफ्टवेअर वापरावे, आतून वाचावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे.

आज आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. कंपन्यांचे बहुतेक सर्व्हर त्यावरच असतात. म्हणून सॉफ्टवेअर शिकणाऱ्याने लिनक्स मागितले, तर तो हट्ट नाही.

कागदावर खुले, प्रत्यक्षात बंद

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. तरीही आपल्या माणसांना तिथले पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. लिनक्स फुकट आहे, खुले आहे, हे खरे. पण घरात आलेल्या लॅपटॉपवर ते चालतच नसेल, तर आपल्या लेकरासाठी ते बंदच राहिले. म्हणून मशीन पारखून घेणे महत्त्वाचे आहे.

काय बघावे?

पहिली गोष्ट, रॅम. प्रोग्रॅमिंग शिकायला ८ जीबी रॅम लागतेच. मोबाइलचे ॲप बनवायचे असेल आणि त्यासाठी लॅपटॉपवरच नकली मोबाइल चालवायचा असेल, तर १६ जीबी लागते. आज ८ जीबीच परवडत असेल, तर रॅम पुढे वाढवता येते का हे दुकानात विचारा. अनेक पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर झाळून बसवलेली असते. ती वाढवता येत नाही.

दुसरी, एसएसडी. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेले मशीन घेऊ नका. एसएसडीने जुना लॅपटॉपही चपळ होतो. २५६ जीबी पुरते, ५१२ असेल तर उत्तम. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीचे ईएमएमसी असते. ते या कामाला पुरत नाही.

तिसरी, प्रोसेसर. इंटेलच्या नावात 'आय ५-८२५०यू' असा आकडा असतो. त्यातला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. लॅपटॉपच्या या वर्गातील सातव्या पिढीपर्यंतच्या आय ५ मध्ये दोनच कोअर असत, आठव्या पिढीपासून चार आले. म्हणून जुने मशीन घेताना आठवी पिढी किंवा त्यापुढचीच मागा. एएमडीचे रायझनही चांगले चालतात.

चौथी, ग्राफिक्स. दुकानदार 'गेमिंग लॅपटॉप' पुढे करतो. त्यात एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड असते. त्यासाठी लिनक्सवर बहुधा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, बॅटरी लवकर उतरते आणि किंमतही चढते. शिकणाऱ्याला इंटेल किंवा एएमडीचे अंगचेच ग्राफिक्स पुरेसे आहे.

पाचवी, वाय-फाय. इंटेलचे वाय-फाय कार्ड सहसा विनातक्रार चालते. ब्रॉडकॉम आणि रियलटेकची काही कार्डे त्रास देतात.

जुने पण भक्कम

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. पुढच्या विंडोज ११ ला नवीन प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे मोठी कार्यालये जुनी मशीन बदलतात आणि ती दुरुस्त होऊन सेकंडहँड बाजारात येतात. लिनक्सला अशी अट नाही. लेनोव्होचा थिंकपॅड टी ४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी ५ ही २०१८ ची कार्यालयीन मॉडेल्स आहेत. त्यांत आठव्या पिढीचे प्रोसेसर मिळतात आणि रॅमसाठी दोन खाचा असल्याने ती पुढे वाढवता येते. नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा असे मशीन बऱ्याच वेळा जास्त टिकते. दुकानात मागताना नुसते 'आय ५ द्या' म्हणू नका, मॉडेलचा आकडा सांगा.

स्वतः तपासा, मगच विश्वास ठेवा

कोणी मोठ्याने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा परंपरेने चालत आले, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. दुकानातही तेच करावे. उबुंटू किंवा डेबियन या मोफत लिनक्सची एक प्रत १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करून न्यावी. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. आतील काहीही पुसले जात नाही. मग हे बघा :

१) मोबाइलच्या हॉटस्पॉटला वाय-फाय जोडले जाते का?
२) आवाज, माइक, कॅमेरा आणि टचपॅड चालतात का?
३) झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागे होते का?
४) कीबोर्डची प्रत्येक कळ उमटते का?
५) बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरली आहे?
६) बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड तर नाही ना? असेल तर ते मशीन घेऊ नका.

पेनड्राइव्ह लावू न देणाऱ्या दुकानातून जुना लॅपटॉप घेऊ नये. पक्की पावती आणि वॉरंटी लेखी घ्यावी. पावतीवर सीरियल नंबर असलाच पाहिजे.

हप्त्याचा हिशोब

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारकुनी करणारा माणूस. तेव्हा थोडी आकडेमोड करून दाखवतो. समजा, ६०,००० रुपयांचा लॅपटॉप '१२ टक्के फ्लॅट' व्याजाने २४ हप्त्यांत घेतला. दोन वर्षांचे व्याज १४,४०० रुपये, एकूण ७४,४०० रुपये. महिन्याला ३,१०० रुपये. ऐकायला १२ टक्के वाटतात. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर घेतले जाते. त्यामुळे खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. सही करण्याआधी 'फ्लॅट की घटत्या शिलकीवर?' हा एकच प्रश्न विचारा.

हीच रक्कम एखाद्या चांगल्या जुन्या मशीनवर रोखीने खर्च केली, तर उरलेल्या पैशांत परीक्षेची फी आणि इंटरनेट भागते. सॉफ्टवेअरसाठी वेगळा पैसा लागत नाही. पायथन, गिट, डेटाबेस, ऑफिसच्या कामाचे लिबरऑफिस हे सारे मोफत आणि कायदेशीर आहे. लिनक्सवर मराठी टायपिंगही होते. गल्लीतून चोरटी विंडोज टाकून आणण्याची आणि तिच्यासोबत व्हायरस घरी नेण्याची गरज उरत नाही.

आपण काय करू शकतो?

आपल्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर तासभर हे काम सहज होऊ शकते. कॉलेजात शिकणाऱ्या दोन-तीन मुला-मुलींनी पेनड्राइव्ह तयार ठेवावेत आणि खरेदीला निघालेल्या कुटुंबासोबत एकाने जावे. आपल्या जयंती मंडळांनी वर्गणीतून दोन जुनी मशीन घेऊन विहारात ठेवली, तर ज्यांना लॅपटॉप परवडतच नाही त्यांचीही सोय होईल. मुलाला लॅपटॉप आणि मुलीला 'बघू पुढच्या वर्षी' असे मात्र कोणत्याही बौद्ध घरात होऊ नये.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते आपल्या ग्रंथांसाठी. विद्येच्या साधनांवर खर्च करताना त्यांनी हात आखडला नाही. आपल्याला त्यांच्याइतका खर्च करता येणार नाही, पण कष्टाचा पैसा पारखून योग्य साधनावर खर्च करणे आपल्या हातात आहे.

जयभीम!