फोडणी आणि वरण
परवा भाचीचा फोन आला. "मावशी, मी कपाळाला बांधायचा पट्टा मागवलाय. झोपेत अभ्यास पक्का होतो म्हणे." ती नीटच्या क्लासला जाते. रात्री साडेबाराला पाठ टेकते, पाचला गजर. मला लागलं, कारण ज्या संशोधनाच्या नावावर हे पट्टे खपतात, ते होत होतं तेव्हा मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते.

त्याआधीचं पटकन आटपते. शिकून लगेच झोपलेला माणूस कमी विसरतो, हे जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं. पुढे झोपेत टेप ऐकवून शिकवण्याचं खूळ आलं. १९५६ मध्ये सायमन आणि एमन्स यांनी त्याची हवा काढली. मग बरीच वर्षं सामसूम.

खरी मजा २००७ मध्ये सुरू झाली. जर्मनीत ल्यूबेकला ब्योर्न राश, यान बोर्न आणि मंडळींनी लोकांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करायला लावल्या. खोलीत गुलाबाचा वास. गाढ झोपेत पुन्हा तोच वास. उठल्यावर सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या. वास न देता ८६. स्वप्नांच्या झोपेत वास दिला तर फरक शून्य, शिकताना वास नसला तरीही शून्य. मी उत्साहाने वर्गात गुलाबाचं अत्तर नेलं. निम्मी मुलं शिंकत बसली. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "बाई, परीक्षेला धूपही लावा!"

दोन वर्षांनी अमेरिकेत केन पॅलर यांच्या गटाचा प्रयोग आला. पडद्यावर ५० चित्रं, प्रत्येकाला आपापला आवाज: मांजराचं म्याव, किटलीची शिट्टी. दुपारच्या डुलकीत २५ आवाज हळूच ऐकवले. त्याच चित्रांच्या जागा जास्त अचूक आठवल्या. तो निबंध मी त्या सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. महिनाभर त्यावर चहाचा कप होता.

२०१३ मध्ये पुन्हा ल्यूबेक. मेंदूतली संथ लाट चढतानाच आवाजाचा छोटा ठोका दिला, तर लाट बळावते आणि शब्द जास्त आठवतात. पट्ट्यांचं मूळ इथलं. पुढे काहींच्या हाती हा फायदा लागला नाही, पण जाहिरातीत ते कशाला येईल?

त्या लोकांचा नेमकेपणा मला आवडायचा: कोणता वास, कोणती झोप, किती फरक. आवाज आणि वास ही वरची फोडणी होती. वरणच नसेल तर ती कशावर घालणार?

पट्टा सात दिवसांत परत करता येतो. क्लासची वेळ बदलता येत नाही, असं भाचीला तिथल्या ऑफिसातून सांगितलं.