हवेची तहान

मे महिन्यात सुरतेच्या उधना-लिंबायतमधली खानदेशी कुटुंबं लग्नसराईसाठी गावाकडे निघतात. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत नवापूर, नंदुरबार मागे पडलं की खिडकीतून येणारा वारा बदलतो. सुरतेत अंग चिकचिकत असतं; अमळनेर येईतो घाम फुटला तरी टिकत नाही, ओठ मात्र फुटतात. झाडांना तर या हवेतून कुठे निघूनही जाता येत नाही.

हवा 1 अंशाने तापली की तिची वाफ सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. सकाळी 30 अंशांवर निम्मी भरलेली हवा दुपारी 40 अंशांवर गेली आणि तिच्यात नवी वाफ आली नाही, तर तिच्यातली रिकामी जागा जवळजवळ अडीच पट होते. ही रिकामी जागा पानांतलं पाणी ओढते. शास्त्रज्ञ तिला बाष्पदाबाची तूट म्हणतात. पृथ्वी तापते आहे, तशी ही तूटही वाढते आहे.

पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि वाफ बाहेर जाते. ओढ वाढली की झाड रंध्रं मिटतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणं मंदावतं आणि वाफेमुळे मिळणारा गारवाही जातो. बुडाशी ठिबक चालू असलं, तरी भर दुपारी झाड उपाशी राहू शकतं.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ज्वारीचं पान सुरळी करतं. कडुनिंब मुळं खोल धाडतो. केळीचं रुंद पान मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंनी खाली मिटतं. तापीकाठी रावेर-यावललाही केळी आहे आणि खाली सुरतेजवळ कामरेजलाही. नदी एकच, पण उन्हाळ्यात समुद्राची ओल खानदेशापर्यंत फारशी पोचत नाही. म्हणून तिकडचे शेतकरी बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात. या कुंपणाने वारा मंदावतो, पानांनी सोडलेली वाफ बागेतच रेंगाळते आणि हवेची ओढ थोडी कमी होते.

शेवरीची ही शिकवण शहरानेही घ्यावी. सिमेंटने गळा आवळलेलं एकटं रोप चहूबाजूंच्या तापल्या हवेशी एकटंच झुंजतं. झाडं जवळजवळ लावावीत, बुडाची माती मोकळी ठेवावी, तिच्यावर पालापाचोळा राहू द्यावा. एकमेकांच्या ओलीत झाडांची दुपार निभावते.