पद्मिनीच्या चाकांचा रोख

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. हौशी मालकांनी जिवापाड जपलेल्या पद्मिनी मात्र आजही रविवारी सकाळी बाहेर पडतात. फियाट 1100 च्या आराखड्यावर कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी. इंजिन 1089 सीसीचे, स्टिअरिंग बिनपॉवरचे. चालकाचे हात आणि रस्ता यांच्यामध्ये नुसते लोखंड, रबर आणि ग्रीस. पुढच्या चाकांचा रोख जरासा हलला तरी तो थेट तळहाताला कळतो.

स्टिअरिंग जड झाले, गाडी एका बाजूला ओढू लागली, की ‘आता वय झाले तिचे’ असे म्हणून मालक मोकळे होतात. तो तिच्यावर अन्याय आहे. दोष बहुतेकदा चाकांच्या रोखात असतो.

वळण संपल्यावर हात सैल सोडले की चाके आपोआप सरळ होतात, ती मुख्यतः कॅस्टरमुळे. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत ओढली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पोहोचते. म्हणजे चाक त्या बिंदूमागून फरपटत येते आणि म्हणूनच सरळ राहते. दोन्ही हात सोडून सायकल चालवता येते, त्यात याचा मोठा वाटा. मोटारीचे चाक ज्या अक्षावर वळते तोही असाच मागे कललेला असतो. हा कल म्हणजेच कॅस्टर. तो कमी पडला तर स्टिअरिंग हलके होते, पण गाडी भरकटते. जास्त झाला तर खांदे दुखतात. पुढच्या स्प्रिंगा बसल्या की नाक खाली जाते आणि कॅस्टर आपसूक घटतो, कोणी पाना न लावता.

टो-इन म्हणजे दोन्ही चाकांची पुढची टोके किंचित आत वळवणे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रस्त्याचा रोध पुढची चाके बाहेर फाकवतो, सांध्यांतली ढिलाई त्याला वाट देते. टो-इन ती भरून काढतो. पण धावताना चाके जितकी तिरकी राहतील, तितका टायर घासतो. चौदा इंची रिमवर दोन्ही चाकांत मिळून 3 मिलिमीटरचा फरक राहिला, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे सव्वाचार मीटर आडवे सरकते! टायरवरून आतून बाहेर हात फिरवताना खरखरीत आणि उलट फिरवताना गुळगुळीत लागले, तर टो-इन जास्त आहे असे समजावे.

गाडीच्या जुन्या माहितीपुस्तकातले टो-इनचे आकडे त्या काळच्या क्रॉसप्लाय टायरांसाठी होते. आज बसवलेल्या रेडियलला साधारणपणे त्याहून कमी टो-इन पुरतो.

आणि चाक ज्यावर वळते तो किंगपिन, टाय रॉडचे एंड, व्हील बेअरिंग झिजलेले असतील तर संगणकी अलाइनमेंटही वाया जाते. यंत्रावर उभी असताना गाडी बरोबर मोजली जाते. पहिल्याच खड्ड्यात सैल सांधा सरकतो आणि आकडे तिथेच राहतात. जाणता मिस्त्री म्हणून आधी गाडी जॅकवर उचलतो, चाक वर-खाली आणि मग आडवे हलवून पाहतो, झिजलेले भाग बदलतो आणि त्यानंतरच मोजायला घेतो.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. पाणी निचरावे म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडचा थोडा ओढा हा दोष नव्हे. सपाट, मोकळा पट्टा गाठायचा, वेग चाळीसवर ठेवायचा, स्टिअरिंगवर फक्त बोटे टेकवायची. मग एक सावकाश वळण घेऊन पकड ढिली करायची आणि ते पातळ, मोठे स्टिअरिंग बोटांखालून सरकत मध्यावर येऊन थांबते का, ते पाहायचे.