आशेचे कोंब मोजता येतात

अक्षय्य तृतीया उलटली की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास झळकते, भेंडवळच्या भाकिताची. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केल्याचं सांगतात ती घटमांडणी त्यांचे वंशज आजही करतात. तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखायचा, कडेने अठरा प्रकारची धान्यं मांडायची. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड-कुरडई. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे बघायचं, कोणतं ढेकूळ किती भिजलं आणि कोणतं धान्य जागचं हललं. त्यावरून पाऊस, पीक, बाजारभाव आणि देशाच्या राजाचंही भविष्य निघतं.

यावर विज्ञानाला फार बोलावं लागत नाही. ढेकूळ भिजतं ते घागरीतून झिरपलेल्या पाण्याने, दाणे हलतात ते वाऱ्याने नाहीतर किडामुंगीने. आणि मुंगीला ऑगस्टातल्या पावसाची खबर नसते. मला कुतूहल आहे ते पहाटे जमणाऱ्या गर्दीचं. मागची भाकितं चुकल्याचं आठवत असूनही लोक येतात. जूनच्या तोंडावर कोणीतरी ‘यंदा बरं आहे’ म्हणावं, ही ओढ अगदी खरी आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या चांगल्या भविष्याने उमेद टिकते का?

याचं उत्तर शोधायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जावं लागतं. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो करायला कोणी परवानगी देणार नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने एक पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, मात्र थांबवणं त्यांच्या हाती नव्हतं. पुढे सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं, की मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे तिथेच कण्हत पडून राहिले.

मला या प्रयोगापेक्षा त्याची शेपटी जास्त आवडते. त्या खचलेल्या कुत्र्यांना उठवायचं कसं? संशोधकांनी हाका मारल्या, पलीकडे खाऊ टाकला, अडसर काढून टाकला. ढिम्म. शेवटी गळ्यात पट्टा अडकवून त्यांना पुन्हा पुन्हा पलीकडे ओढत नेलं. आधी ओढायला जोर लागे, मग कमी, आणि मग कुत्री आपणहून जाऊ लागली. प्रेरणादायी व्याख्यानांचे फलक गावोगावी लागतात तेव्हा मला तो पलीकडे टाकलेला खाऊ आठवतो.

सेलिगमन पुढे सकारात्मक मानसशास्त्राचे अध्वर्यू झाले, त्यांची पुस्तकं जगभर खपली. मायर यांचं नाव मात्र मानसशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसं कोणी घेत नाही. हा गृहस्थ कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांच्या मेंदूत डोकं घालून बसला आणि त्याने स्वतःचाच सिद्धांत उलटा केला. मूळ समजूत अशी, की मार खाऊन खाऊन प्राणी हतबलता शिकतो. मायर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची उपजत सवय आहे; मेंदूच्या बुंध्यातलं एक केंद्र ती चालवतं. शिकावं लागतं ते ‘हे माझ्या हातात आहे’ एवढंच. ते उमगलं, की कपाळामागचा मेंदूचा भाग त्या केंद्राला लगाम घालतो. 2005 साली त्यांच्या गटाने हा कपाळामागचा भाग औषधाने बंद करून पाहिला, तेव्हा झटका थांबवू शकणारे उंदीरही नंतर हतबलासारखेच वागले. 2016 मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी मिळून ही दुरुस्ती प्रसिद्ध केली. पन्नास वर्षांनी आपलाच पाया उकरणारे संशोधक विरळाच!

आणखी एक गोष्ट. एका संकटात ताबा अनुभवलेले उंदीर पुढे वेगळ्याच, ताब्याबाहेरच्या संकटातही तग धरतात.

उंदीर तो उंदीर, हे मान्य. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी 2006 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता, तो काही इथल्या माणसांचे विचार नकारात्मक होते म्हणून नव्हे. पाऊस, कर्ज आणि भाव यांवर ‘चांगला विचार करा’ हा उतारा देणं म्हणजे थट्टा. पाऊस थांबवायची किंवा पाडायची पट्टी कोणाजवळ नाही. पण हाताशी असलेल्या लहान पट्ट्या आहेत, आणि त्यातली एक घराघरात पडलेली असते. गोणपाट.

सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक. पोतं आदळलं, काढणीत पाऊस लागला, की उगवण घसरते. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, त्यामागे आदल्या ऑक्टोबरात भिजलेलं पीकही होतं. म्हणून कृषी विभागाचे कर्मचारी सांगतात ते करायचं. गोणपाट ओलं करायचं, पोत्यातले न निवडता काढलेले शंभर दाणे दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वरून ओलं फडकं घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याने उघडून धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त, तर शिफारशीइतकं बियाणं. साठ-पासष्ट, तर त्या प्रमाणात वाढवायचं. त्याहून बरंच कमी, तर ते पोतं पेरायचंच नाही.

भाकिताने फार तर धीर येतो. गोणपाट पुढे काय करायचं ते सांगतं. आणि इथे वाईट निकालही कामाचा असतो. पंचावन्नच कोंब आले हे मेमध्ये कळलं, तर दुसरं बियाणं बघायला वेळ आहे. तेच जुलैत शेतात कळलं, तर नशिबी दुबार पेरणी. आशावादी माणसाने म्हणूनच वाईट बातमी लवकर कळेल अशी सोय आधी करून ठेवावी.